बॅटरी फेकण्याआधी ग्रॅव्हिटी बघा



घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी बसली की आपण काय करतो? दुकानात फोन करतो. दुकानाचा पोरगा येतो, मीटरच्या दोन वायरी टर्मिनलला लावतो, मान हलवतो आणि सांगतो, "गेली ही. नवी घ्या, जुनीचे काहीतरी वळते करून देतो." आणि आपण मुकाट्याने बारा-पंधरा हजार रुपये मोजतो. ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या वडिलांनी उभी नोकरी गाडीच्या दिव्यांचे, सिग्नलचे नाहीतर तारघराचे सेल सांभाळण्यात घालवली, ती माणसेसुद्धा हेच करतात. त्या पोराने झाकण उघडून पाणी बघितले का? हायड्रोमीटर लावला का? सहा सेलपैकी कोणता सेल कमजोर आहे ते सांगितले का? हे प्रश्न कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. पाण्याची, म्हणजे झाकणे उघडणारी शिसे-ॲसिडची बॅटरी बसली म्हणजे मेली असे नव्हे. तिच्यातल्या बऱ्याच घरी नीट निगा केल्यास पुन्हा दोन-एक वर्षे काम देतात. ती कोणती उठेल आणि कोणती उठणार नाही, हे ओळखण्याची विद्या आपल्या कामगारांकडे होती. ती हातून गेली म्हणून आज आपण गिऱ्हाईक झालो आहोत. पण त्याचबरोबर हेही सांगायचे आहे की, हे काम घरात कुठवर करावे याला मर्यादा आहे. ती ओलांडली तर पैसा वाचतो आणि डोळे किंवा लेकरू जाते.

मी १९९२ साली ट्रेन लाइटिंगला खलाशी म्हणून लागलो. त्या वेळी डब्याखालच्या पेटीत दोन-दोन व्होल्टचे छप्पन्न सेल असत, मिळून ११० व्होल्ट. साध्या डब्याला १२० अँपिअर-तासाचे, एसी डब्याला ११०० अँपिअर-तासाचे. गाडी पिट लाइनवर आली की आमचे काम सुरू. पेटी उघडायची, झाकणे काढायची, डिस्टिल्ड वॉटर भरायचे, पायलट सेलची ग्रॅव्हिटी बघायची, रजिस्टरात लिहायची. ॲसिडने खाल्लेली पँट ही आमची वर्दी. घरी बायको ती पँट वेगळी धूत असे. वरिष्ठ फिटर नुसत्या वासावरून सांगत की अमुक सेल उकळतो आहे, याचा रेग्युलेटर बघा. त्यांच्यातले कित्येक चौथी-पाचवी शिकलेले होते, पण सल्फेशन म्हणजे काय हे त्यांना इंजिनीअरपेक्षा बरे कळत होते.

पुढे पाणी न लागणारे सीलबंद सेल आले. अनेक डेपोंत बॅटरीचे काम ठेकेदाराकडे गेले. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने, जी १९५५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाली, जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा २०१८ च्या जानेवारीत बाहेर काढला. नव्या डब्यांना वीज जनरेटर डब्यातून किंवा इंजिनातून मिळते. सीलबंद सेल आल्याने कामगाराचे हात ॲसिडपासून वाचले, हे चांगलेच झाले. मी त्याबद्दल रडणारा नाही. पण तेव्हाची माणसे निवृत्त झाली आणि त्यांच्या हातची ओळख कोणी उतरवून घेतली नाही, याचे वाईट वाटते. तारखात्यातही तेच. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली आणि तारघराच्या मागच्या खोलीतली ही सगळी माहिती तिच्याबरोबर गेली.

आता बॅटरी मरते कशी ते बघू. बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेले सल्फ्युरिक ॲसिड असते. बॅटरी वापरली की ॲसिडातले सल्फेट प्लेटांवर बसते आणि ॲसिड पाण्यासारखे पातळ होत जाते. चार्ज केली की सल्फेट प्लेट सोडून पुन्हा ॲसिडात येते. म्हणून ग्रॅव्हिटी बघितली की बॅटरीत किती जीव आहे ते कळते. गोम अशी की, उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवरचे मऊ सल्फेट दिवसेंदिवस कडक होत जाते. कढईत चिकटलेला भात लगेच भिजवला तर निघतो, चार दिवस वाळू दिला तर खरवडावा लागतो, तसेच हे. याला सल्फेशन म्हणतात, आणि घरच्या बॅटऱ्यांचे हे सर्वात मोठे दुखणे आहे. ते काही अंशी बरे होते.

दुसरे दुखणे म्हणजे प्लेटांवरचा मसाला झडून तळाला गाळ साचणे, किंवा आतली शिशाची जाळी गंजून तुटणे. हे म्हातारपण आहे. याला औषध नाही. गाळ प्लेटांना टेकला की तो सेल आतल्या आत शॉर्ट होतो, आणि बारा व्होल्टची बॅटरी दहा-साडेदहावरच अडून बसते. उष्णतेने म्हातारपण लवकर येते. ढोबळ हिशेब असा की, दर १० अंश सेल्सिअस वाढीला आयुष्य निम्मे होते. चेन्नईत मे महिन्यात अग्नी नक्षत्रम लागते तेव्हा गच्चीखालच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीचे काय होत असेल याचा विचार करा. नागपूर, भुसावळच्या बंधूंना हे वेगळे सांगायला नको.

चेन्नईकरांना बॅटरीची खरी ओळख करून दिली ती आधी वीजटंचाईने आणि मग वादळांनी. २०१२ साली शहरात रोज दोन-दोन तास वीज जात होती, बाहेरच्या जिल्ह्यांत तर त्याहून किती तरी जास्त. महाराष्ट्रात आपण ज्याला भारनियमन म्हणत होतो तेच. त्या वर्षी आमच्या रेल्वे वसाहतीत घरोघरी इन्व्हर्टर आले. नंतर १२ डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळ शहरावर आले, हजारो झाडे पडली, खांब आडवे झाले, आणि काही भागांत कित्येक दिवस वीज आली नाही. लोकांनी पहिल्याच रात्री पंखे, दिवे, टीव्ही लावून बॅटरी पार तळाला नेली. पुढचे दिवस ती तशीच रिकामी पडून राहिली. वीज परत आली तेव्हा इन्व्हर्टर लावला तर अर्ध्या तासात 'बीप बीप'. दुकानदारांची दिवाळी झाली.

आमच्या गल्लीत ट्रेन लाइटिंगमधून निवृत्त झालेले एक तमिळ फिटर राहतात. त्या डिसेंबरात त्यांनी शेजाऱ्यांच्या सात बॅटऱ्या आपल्या पडवीत मांडल्या आणि आठवडाभर एकेक करून सावकाश चार्ज केल्या. चार उठल्या. तीन उठल्या नाहीत, आणि त्या उठणार नाहीत हे त्यांनी पहिल्याच दिवशी खडूने फुली मारून सांगितले होते. चारांतली एक पुढे तीन वर्षे चालली. यात जादू काही नव्हती. आमच्या बॅटरी शॉपची जुनी रीत होती, तीच मी खाली सांगतो.

प्रथम बॅटरी कोणत्या जातीची आहे ते बघा. वर सहा झाकणे किंवा लाल-हिरवी खूण दाखवणारे सहा फ्लोट असतील तर ती पाण्याची. वर काहीच उघडत नसेल तर ती सीलबंद. सीलबंद बॅटरी उघडायची नाही. तिची पट्टी उचकटून आत सिरिंजने पाणी घालणारे शहाणे गल्लोगल्ली असतात, त्यांच्या नादी लागू नये. आतला वायू जिरवण्याची तिची रचनाच वेगळी आहे, आणि एकदा ती बिघडली की ठिणगीसरशी फुटू शकते.

पाण्याची असेल तर आधी इन्व्हर्टर बंद करून तारा सोडवा, ऋण टर्मिनल आधी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने साफ करा. झाकणे मात्र घट्ट लावलेली हवीत. सोड्याचा एक थेंबही सेलमध्ये गेला तर तो ॲसिडच मारतो. लग घासून चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. हसू नका. 'गेलेल्या' म्हणून दाखवलेल्या बॅटऱ्यांपैकी काहींचे दुखणे एवढेच असते.

नंतर पाणी. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढेच डिस्टिल्ड वॉटर घाला, चार्जिंग पुरे झाल्यावर खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरले तर चार्जिंगला फुगून ॲसिड बाहेर सांडते. बोअरचे पाणी नको, चेन्नईचे तर मुळीच नको, त्यातल्या क्षाराने सहा महिन्यांत बॅटरी बसते. आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. आमच्याकडे एसीच्या नळीतून गळणारे पाणी बाटलीत साठवून बॅटरीला घालायची फार आवड आहे. ते फुकट असते हे खरे, पण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचा अंश येतो. डिस्टिल्ड वॉटरचा डबा काही सोन्याच्या भावाने मिळत नाही.

आणि कोणत्याही परिस्थितीत ॲसिड घालायचे नाही. सेलमधले पाणी आटते, ॲसिड आटत नाही. ग्रॅव्हिटी कमी दिसली की ॲसिड ओतून काटा वर आणून दाखवणारे कारागीर आहेत. सल्फेट प्लेटावर अडकलेले असताना वरून ॲसिड घातले तर दोन महिने बॅटरी जोरात पळते, आणि मग प्लेटा खाऊन कायमची बसते. बॅटरी कलंडून ॲसिड सांडले असेल तरच त्याची भरपाई करावी लागते, आणि ते काम चार्जिंगच्या दुकानात, जाणत्या माणसाने करावयाचे.

आता चार्जिंग. इथे बहुतेक जण फसतात. इन्व्हर्टर व्होल्टेज बघून चालतो. सल्फेट धरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज पटकन चढते, इन्व्हर्टरला वाटते भरली, आणि तो करंट कमी करून 'फुल' दाखवतो. प्रत्यक्षात आत काही गेलेले नसते. म्हणून वेगळा, करंट कमी-जास्त करता येईल असा चार्जर लागतो. क्षमतेच्या विसाव्या हिश्शाने चार्ज करा, म्हणजे १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीला साडेसात अँपिअर, त्याहून कमी चालेल, जास्त नको. वेळ लागू द्या, एक दिवस, दोन दिवस. अंगाला हात लावून बघत राहा. चटका बसू लागला तर बंद करून निवू द्या, आतले ॲसिड ५० अंशांच्या वर जाता कामा नये. घाईने जास्त करंट दिला तर सल्फेट सुटत नाही, उलट प्लेटांचा मसाला झडतो.

थांबायचे केव्हा? सहाही सेल सारखे बुडबुडू लागल्यावर दर तासाला हायड्रोमीटर लावा. लागोपाठ तीन तास ग्रॅव्हिटी तीच आली, आणखी चढेना, की चार्जिंग पुरे. हा आमचा रेल्वेचा जुना नियम आहे. घरच्या ट्युब्युलर बॅटरीला २७ अंशाला १.२४० च्या आसपास ग्रॅव्हिटी यायला हवी. आम्ही त्याला 'बाराशे चाळीस' म्हणतो. डब्याच्या सेलना बाराशे पंधराच्या आसपास असे, कार-रिक्षाच्या बॅटरीला यापेक्षा थोडी जास्त असते. अकराशे पन्नासच्या खाली म्हणजे पार उतरलेली. नुकतेच पाणी घातले असेल तर मात्र ग्रॅव्हिटी बघू नका. ते पाणी वरच तरंगत असते आणि खोटी कमी दाखवते.

सहाही सेल सारखेच कमी असतील आणि चार्जिंगबरोबर सारखेच वर चढत असतील, तर आशा धरा. पाच सेल बाराशे तीसला आले आणि एकच सेल अकराशे साठला बसून राहिला, बुडबुडेही काढेना, तर तो सेल गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरी गेली. तिच्यावर आणखी वीज जाळू नका. ॲसिड तपकिरी, गढूळ दिसले तरी तेच समजा. आमच्या त्या निवृत्त फिटरांनी फुली मारल्या त्या याच बघून. २०१५ च्या डिसेंबरातल्या महापुरात ज्या बॅटऱ्या बुडाल्या होत्या आणि ज्यांच्यात पुराचे पाणी शिरले, त्यांच्या वाटेला तर जाऊच नये.

भरलेली बॅटरी तीन-चार तास तशीच ठेवा आणि मग परीक्षा घ्या. साध्या ७५ वॉटचे दोन पंखे लावले की इन्व्हर्टरची स्वतःची खर्चवट धरून बॅटरीतून सुमारे १५ अँपिअर ओढले जातात. १५० अँपिअर-तासाची नवी बॅटरी यावर ढोबळमानाने नऊ-दहा तास चालावी. तुमची पाच तास चालली तर निम्मी क्षमता उरली आहे. पुन्हा लगेच सावकाश चार्ज करा आणि पुन्हा बघा. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तास वाढत असतील तर बॅटरी सुधारते आहे. वाढत नसतील तर जेवढी आहे तेवढीच. पण एक-दोन तास वीज जाणाऱ्या घराला निम्मी क्षमताही पुरते. मग पंधरा हजार आत्ताच का घालवायचे? ते दोन वर्षांनी घालवू. तेवढ्यात मुलीच्या क्लासची फी निघते.

आता पुड्यांबद्दल. एप्सम सॉल्ट घाला, तुरटी घाला, अमुक रसायन घाला, मेलेली बॅटरी जिवंत होते, असे सांगणारे फार झाले आहेत. मॅग्नेशियम सल्फेट किंवा तुरटी घातल्याने आतल्या पाण्याची वीज वाहण्याची तऱ्हा थोडी बदलते, एखाद-दोन दिवस गुण आल्यासारखा वाटतो. पण झडलेला मसाला प्लेटेवर परत बसत नाही, आणि तुम्ही सेलमध्ये नको ती घाण कायमची घालून बसता. पल्स देणारी छोटी यंत्रेही बाजारात आहेत. कोवळ्या सल्फेटला त्यांनी थोडा उपयोग होत असेल, पण तोच उपयोग सावकाश चार्जिंगने होतो. माझ्या मते त्या पैशात हायड्रोमीटर आणि डोळ्यांचा चष्मा घ्यावा.

चष्म्यावरून आठवले. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की एक ठिणगी पुरते. त्यामुळे हे काम बंद खोलीत, जिन्याखाली, स्वयंपाकघरात किंवा देवघराशेजारी करायचे नाही. उदबत्ती, निरांजन, विडी, सगळे लांब. चार्जर चालू असताना चिमटे काढायचे-लावायचे नाहीत, आधी स्विच बंद. हातातली अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा. दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर अंगठीसकट बोट भाजते, हे मी डेपोत स्वतः पाहिले आहे. सुती जुने कपडे, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि हाताशी पाण्याची भरलेली बादली. डोळ्यात थेंब गेला तर बादलीच्या किंवा नळाच्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धूत राहायचे आणि मगच डॉक्टर. कर्नाटकातल्या एका स्टेशनावर आमच्या एका सोबत्याचा डोळा निव्वळ यामुळे वाचला की नळ तिथेच होता. आणि लहान मुले त्या बाजूला फिरकणार नाहीत हे बघायचे.

हे सगळे घरच्यासाठी झाले. कचेरीचे काय? इथे मी थोडा कडक होणार आहे, कारण काही ठिकाणी गैरसमज सुरू झाला आहे. टपाल कचेरीत कोअर बँकिंग आल्यापासून वीज गेली आणि यूपीएस बसला की काउंटर बंद पडतो, आणि पेन्शनसाठी रांगेत उभी असलेली म्हातारी माणसे शिव्या देतात त्या समोरच्या क्लार्कला. यूपीएसची बॅटरी सीलबंद असते, ती उठत नाही, बदलावीच लागते. तशीच डब्याची. एका डेपोत तोंडी हुकुमावरून सीलबंद सेल उघडून पाणी घालायला लावल्याची तक्रार आमच्याकडे आली होती. ना हातमोजे, ना चष्मा, ना लेखी आदेश. कामगारांनी काम थांबवले ते बरोबर केले. घरात काटकसर करणे हा माझा हक्क आहे. कामावर वेळच्या वेळी चांगली बॅटरी आणि सुरक्षेचे साहित्य देणे ही मालकाची, म्हणजे सरकारची जबाबदारी आहे. "तुम्हाला येते ना, मग तुम्हीच उठवा" असे कोणी म्हणाले तर लेखी मागा. यूपीएस बसल्याची नोंद तारखेसह रजिस्टरात करा, वर पत्र पाठवा, एक प्रत शाखेला द्या.

काही सोबती म्हणतील, सेक्रेटरी, आपण पगारवाढीसाठी लढायचे की बॅटरीत पाणी घालायला शिकवायचे? अहो, पगारवाढ मिळाल्यावर ती जाते कुठे ते बघणेही युनियनचेच काम आहे. पूर्वी आपल्या पतपेढ्या, ग्राहक भांडारे याच विचाराने निघाली होती.

राहिला प्रश्न न उठणाऱ्या बॅटरीचा. याच ठिकाणी मोहाला बळी पडू नका. घरच्या मोठ्या ट्युब्युलर बॅटरीचे वजन पन्नास-साठ किलो असते आणि त्यातले निम्म्याहून अधिक शिसे. भंगारवाला दुकानापेक्षा शे-दोनशे जास्त देतो. तो ती नेतो कुठे? कुठल्या तरी वस्तीमागे कुऱ्हाडीने फोडतात, ॲसिड गटारात, आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवतात. तो धूर, ती राख आजूबाजूच्या मातीत बसते आणि मातीतून रांगणाऱ्या पोराच्या तोंडात जाते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल चार-पाच पट शिसे अंगात शोषून घेते. मेंदूची वाढ खुंटते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि आईबापांना कारण कधी कळत नाही.

सेनेगल देशातल्या डाकार शहराजवळ थियारॉय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे जुन्या बॅटऱ्यांतले शिसे काढण्याचा धंदा चाले. २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या मार्चपर्यंत तिथे १८ मुले दगावली. सुरुवातीला कारणच कळेना. युनिसेफने २०२० साली काढलेल्या अहवालात म्हटले आहे की, जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करण्याइतके शिसे आहे, आणि त्यांत भारतातल्या मुलांची संख्या सर्वात मोठी आहे. पेट्रोलमधले शिसे आपल्याकडे २००० सालीच बंद झाले. मग हे आता येते कुठून? वाटा अनेक आहेत, पण उघड्यावर फुटणारी बॅटरी ही त्यांतली एक मोठी वाट आहे. ते भट्टीवर राबणारेही कामगारच आहेत, आपल्यापेक्षा गरीब, ना युनियन, ना हातमोजे. शे-दोनशे रुपयांसाठी आपण त्यांच्या पोरांना हे देतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. २००१ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले होते. त्यांच्या जागी २०२२ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले. त्यांत बॅटरी बनवणाऱ्यावर ती परत गोळा करून रीतसर गाळायला देण्याची जबाबदारी आहे. आपल्यावरही एक आहे, ती इतर कचऱ्यात न टाकता योग्य माणसाच्या हाती देण्याची. याच नियमांत जुनी बॅटरी दुरुस्त करून पुन्हा वापरण्यालाही जागा दिली आहे. म्हणजे सावकाश चार्जिंग करणारे आमचे ते निवृत्त फिटर कायद्याच्या बाहेर नाहीत. बॅटरी फोडून शिसे वितळवणारा आहे.

माझी प्रत्येक शाखेला सूचना आहे. युनियनच्या ऑफिसात एक चांगला हायड्रोमीटर, करंट कमी-जास्त होणारा एक चार्जर, दोन चष्मे आणि दोन जोड रबरी हातमोजे ठेवावेत. एका कुटुंबाने घेतले तर परवडणार नाहीत, शाखेने घेतले तर प्रत्येक सभासदाच्या वाट्याला चहाचेही पैसे येत नाहीत. ट्रेन लाइटिंग, सिग्नल, टेलिकॉम या खात्यांतून निवृत्त झालेले जुने लोक वसाहतीत असतातच. त्यांना महिन्यातला एक रविवार मागून घ्या. त्यांना बोलावणे गेले की ते येतात, हा माझा अनुभव आहे. व्हरांडा मोकळा हवा, वारा खेळता हवा. उठणाऱ्या बॅटऱ्यांवर तारीख आणि ग्रॅव्हिटी खडूने लिहा. न उठणाऱ्या एकत्र करून अधिकृत विक्रेत्याला एकदम द्या. दहा-पंधरा एकदम असल्या की भावही बरा मिळतो, आणि वजनाची पावती मागता येते.

चेन्नईत आम्ही हे ऑक्टोबरच्या आत उरकतो, कारण त्यानंतर ईशान्य मोसमी पाऊस लागतो आणि डिसेंबरपर्यंत वादळांची भीती असते. २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग आले तेव्हा बेसिन ब्रिज आणि व्यासरपाडीच्या मधल्या पुलाशी पाणी धोक्याच्या खुणेवर गेले, गाड्या रद्द झाल्या, आणि पुन्हा काही भागांत दिवसचे दिवस वीज नव्हती. त्या वेळी ज्यांना सांगून ठेवले होते त्यांनी पहिल्या रात्री एकच दिवा आणि एकच पंखा लावला, इन्व्हर्टरने पहिली शिट्टी दिली की तारा सोडवल्या, आणि वीज येताच आधी बॅटरी चार्जिंगला लावली. महाराष्ट्रातल्या शाखांनी हे काम उन्हाळ्याआधी, होळीच्या सुमाराला करावे. बॅटरीचे पाणी उन्हाळ्यात झपाट्याने आटते, त्यामुळे एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी फ्लोट बघायला हवा. बाकीच्या महिन्यांत महिन्यातून एकदा बघितले तरी चालेल, पगाराच्या दिवशी बघितले तर विसरायला होत नाही.